आकृती नाही, मास्तर

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या फजित्या ठाऊक होत्या. एक्केचाळीस वर्षांचा संसार — लपवून लपवून माणूस किती लपवणार? पण ही एक गोष्ट तिलाही कधी कळली नाही. मुलांना नाही, भावाला नाही, सांगलीत ज्यांच्याबरोबर मी उभी हयात शिकवलं त्या सोबत्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि बघितलं की मी विषय बदलतो. असं दोन-तीनदा झालंय.

गोष्ट भूमितीच्या एका उत्तराची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. लोक लपवतात काय काय, आणि हा म्हातारा लपवतोय काय, तर इंग्रजी पाचवीच्या वार्षिक परीक्षेतला आठ गुणांचा एक प्रश्न! पण मी ते का केलं, हे मला अजून नीट कळलेलं नाही — आणि कळून घ्यायची खाजही गेलेली नाही. म्हणून जरा लांबून सुरुवात करतो. सवय आहे मला, मास्तर होतो.

आमचं गाव वाई. वडील घाटावर भिक्षुकी करत. आठव्या वर्षी माझी मुंज झाली आणि दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी मला समोर बसवलं. ते वेदातली ऋचा म्हणायचे, मागून मी म्हणायचो. अर्थ? एकदा विचारला होता. वडील म्हणाले, आधी तोंडात बसू दे, अर्थ मागाहून येईल. तो काही आला नाही, पण तोंडात मात्र पक्कं बसलं. आधी सरळ म्हणायचं, मग शब्द तोडून, मग एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी उलटसुलट वीण घालत म्हणायचं — तिला जटा म्हणतात. दहाव्या वर्षी मी जटा म्हणायला लागलो की घाटावर पाण्याला आलेल्या बायका कळशा खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. मी डोळे मिटून, मान खालीवर करत म्हणायचो. आता सांगायला हरकत नाही — एक डोळा किंचित उघडा असायचा. कोण कोण थांबलंय ते बघायला.

इंग्रजी चौथीत, म्हणजे आताच्या आठवीत, भूमिती आली. शिकवायला फाटक मास्तर. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर खडूचा ठिपका दिला आणि म्हणाले, हा बिंदू. ह्याला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. मी चक्रावलो. मग मला दिसतंय ते काय? पुढं म्हणाले, रेषा म्हणजे अशा बिंदूंची रांग. अहो, ज्याला लांबीच नाही असे कितीही जण रांगेत उभे केले तरी लांबी यायची कुठून? आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. घाटाच्या पायऱ्या उतरताना मी पायरीच्या कडेकडे बघत राहायचो. इथं दगड संपला, इथं हवा सुरू झाली — मग मधली ती कड कुणाची? दगडाची की हवेची? एकदा बघता बघता पाय चुकला आणि चार पायऱ्या खाली गेलो. गुडघ्यावरचा वण अजून आहे.

शेवटी धीर करून मास्तरांना विचारलं. ते थबकले. मग हसून म्हणाले, विष्णू, प्रश्न चांगला आहे, पण परीक्षेला येत नाही. तू व्याख्या पाठ कर. पाठ कर! हे तर मला येत होतं. त्या दिवशी माझा प्रश्न मी सोडून दिला आणि व्याख्या धरली.

मग मी भूमिती पाठ केली. कशी? घरी जे शिकलो होतो तशीच. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, हेच सिद्ध करावयाचे होते — सगळं सुरात. म्हणताना माझी मान आपोआप खालीवर व्हायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. पण कान्याचीही चूक होत नसे. आकृतीसुद्धा मी पाठच केलेली होती: त्रिकोणाचं टोक वर, पाया खाली, अ वर, ब डावीकडे, क उजवीकडे. एकदा मास्तरांनी फळ्यावर अ ब क ऐवजी च छ ज लिहिलं, तर मला घाम फुटला. मनातल्या मनात मी आधी च चा अ केला, छ चा ब केला, तेव्हा कुठं गाडी सुरू झाली. त्रिकोण टोकावर उभा केला असता तर मी त्याला ओळखलंही नसतं. तरी पहिला नंबर माझाच. भटजींचा मुलगा भूमितीत पैकीच्या पैकी घेतो, ही वाईत सांगण्यासारखी गोष्ट झाली होती, आणि मीही ती ऐकून घेत होतो.

माझ्या मागच्या बाकावर दस्तगीर बसायचा. रसूलचाचा गवंड्यांचा मुलगा. घाटाची पायरी खचली की रसूलचाचांनाच बोलावणं जायचं, इतका त्यांचा हात नावाजलेला. दस्तगीरचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद होता. पहिली ओळ ठणठणीत, दुसरीला अडखळायचा, तिसरीला खाली बसायचा. त्याला नादारी होती, म्हणजे फी माफ होती. पण एका विषयात जरी नापास झाला तरी नादारी जाणार आणि तिच्याबरोबर शाळाही जाणार. रसूलचाचांनी माझ्यादेखतच त्याला बजावलं होतं, "पास हुतोस तवर शीक. न्हाई झालास तर दुसऱ्या दिवशी थापी हातात घ्यायची." त्यात दमदाटी नव्हती. लढाईचे दिवस, धान्य मिळायची मारामार, घरात सात तोंडं. त्यांना आणखी दोन हात हवे होते, आणि तरी ते थांबले होते.

त्याच्या घरी मी जात नसे, माझ्या घरी तो येत नसे. ह्यावर आम्ही कधी बोललो नाही. घाटाच्या पायरीवर मात्र दोघंही बसायचो, संध्याकाळी. बोली अशी झाली होती की मी त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं. पण व्हायचं भलतंच. मी कोळशाने दगडावर त्रिकोण काढायचो, अक्षरं घालायचो, म्हणायला लागायचो, आणि हा म्हणायचा, "आरं विष्ण्या, ती अक्षरं पूस की आदी. अक्षरं पुसली की दिसतंय."

दिसतंय? काय दिसतंय? मला हे बोलणंच अजब वाटायचं. एकदा त्याची समजूत काढायला म्हणून मी पुसली अक्षरं. आणि — कसं सांगू तुम्हाला — खरंच दिसलं. त्या दगडावर नुसत्या तीन रेघा उरल्या, आणि त्या तीन रेघांना माझ्या म्हणण्याची काही गरज नव्हती. मी कुठल्याही बाजूने बघितलं तरी त्या तशाच राहणार होत्या. अंगावर काटा आला माझ्या. भीतीचा होता की आनंदाचा, ते अजून ठरवता येत नाही.

त्याच पायरीवर त्याने मला गुण्याची गंमत दाखवली. गवंड्यांकडे काटकोन तपासायला लाकडाचा एक काटकोन्या असतो, त्याला ते गुण्या म्हणतात. भिंतीचा कोपरा बरोबर आहे का हे गुण्या सांगतो. पण गुण्याच वाकडा असला तर? तपासणाऱ्याला कोण तपासणार? मी म्हटलं, दुसरा गुण्या आणायचा. दस्तगीर हसला. "आनि दुसरा बी खोटा असला तर? आब्बा त्योच पालथा घालत्यात." त्याने फरशीवर एक सरळ रेघ मारली, तिला गुण्या लावून दुसरी उभी रेघ मारली, मग गुण्या उचलून पालथा घातला आणि त्याच जागी पुन्हा उभी रेघ मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. जराशा फाकल्या तर खोटा. बस्स. बाहेरचं कुणी लागत नाही. मी घरी जाईपर्यंत वाटभर हवेत हात पालथे घालत गेलो होतो.

आता मास्तरांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. फाटक मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पेन्शनीला दोन वर्षं राहिली होती. शाळेला कळतं तर त्यांना घरी बसवलं असतं. फळ्यावरच्या आकृत्या ते हाताच्या सवयीने काढायचे, पण उत्तरपत्रिका वाचणं अशक्य झालं होतं. हे शाळेत फक्त मला माहीत होतं. परीक्षा झाली की रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी जायचो. ते ओटीवर झोपाळ्यावर बसायचे, मी खाली चटईवर. मी पेपर वाचायचो, ते झोका घेत ऐकायचे आणि गुण सांगायचे. ते मी लाल पेन्सिलीने घालायचो. आकृती आली की मी सांगायचो — मास्तर, आकृती बरोबर आहे. मास्तर, ह्याने दुभाजक भलतीकडेच काढलाय. कानाने तपासलेली भूमिती! जगात दुसरीकडे कुठं अशी तपासली गेली असेल का, ह्याचं मला अजून नवल वाटतं. माझा पेपर ते शेवटी ठेवायला लावायचे. दोन ओळी झाल्या की म्हणायचे, पुढचं मला ठाऊक आहे, घाल पूर्ण. आणि झोपाळा चालूच असायचा.

झोपाळ्याचं एवढं का सांगतो, तेही येईल आता.

इंग्रजी पाचवीच्या त्या वार्षिक पेपरात प्रश्न होता: समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन समान असतात हे सिद्ध करा. आठ गुण. पुस्तकातली रीत अशी की वरच्या कोनाचा दुभाजक काढायचा, त्रिकोणाचे दोन तुकडे करायचे आणि ते एकमेकांशी जुळतात असं दाखवायचं. पाऊण पान होतं सगळं. मी एका दमात ओतलं होतं. एप्रिलातल्या त्या दुपारी बाकीच्यांचे पेपरही तेच पाऊण पान कमीजास्त मोडतोड करून सांगत होते, मला वाचता वाचता पेंग येत होती, आणि दस्तगीरचा पेपर हाताशी आला.

त्याने दुभाजक काढलाच नव्हता. विसरला असणार. उत्तर चारच ओळींचं. अबक हा त्रिकोण पालथा घातला की अकब होतो. अब ही बाजू अक वर बसते, अक ही अब वर बसते, कारण दोन्ही सारख्या आहेत. वरचा कोन आपल्याच जागी बसतो. म्हणून ब चा कोन क च्या कोनावर बसतो, म्हणून दोन्ही सारखे.

मी वाचून संपवलं आणि झोपाळा थांबला.

"एकच त्रिकोण दोनदा घेतलाय?" मास्तर म्हणाले. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मास्तर पुढं वाकले होते. पांढुरक्या डोळ्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूला कुठंतरी, बघत होते. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते — अबक, अकब. नुसतं कानावर पडलं तर ते उत्तर म्हणजे घोटाळाच वाटतं. एकाच त्रिकोणाचं नाव दोन तऱ्हेने घेतलंय, असं. पण मास्तरांना काहीतरी लागलं होतं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं होतं ते मी दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. बिंदूविषयी मी विचारलं होतं ना, तेव्हा क्षणभर आलं होतं तसलं — पण ते लगेच गेलं होतं.

"विष्णू, आकृती कशी काढलीय रे? नीट सांग. दोन त्रिकोण शेजारी शेजारी काढलेत का?"

काढले होते. दोन त्रिकोण शेजारी शेजारी, एकाला अ ब क, दुसऱ्याला अ क ब, आणि मध्ये, पान उलटावं तसा, एक वाकडा बाण. एक रेघ खोडलेली नव्हती. गवंड्याच्या घरचा हात तो. मी ती आकृती बघत होतो. मला ती कळली होती — बघायच्या आधी, वाचतानाच कळली होती. एक-दोन, दोन-एक, एक-दोन म्हणत मी लहानाचा मोठा झालो होतो. हे मला कळायचं नाही तर कुणाला?

मी म्हणालो, "आकृती नाही, मास्तर."

"नाही? काहीच काढली नाही?"

"नाही."

मास्तर मागे टेकले. पायाने जमीन ढकलली, झोपाळा सुरू झाला. "मग गोंधळलाय बिचारा," ते म्हणाले, "ऐकून वाटलं होतं काहीतरी. शून्य घाल." मी शून्य घातलं. चांगलं गोल आलं. मास्तरांच्या घरातून ताक आलं, ते प्यालो. पुढचा पेपर वाचायला घेतला. दस्तगीरचे एकूण गुण झाले तीस. पासाला पस्तीस लागत.

का? हे मी स्वतःला किती तऱ्हांनी विचारलंय. हेवा म्हणावा तर माझा नंबर कुठं जाणार होता? त्याला आठ मिळाले असते तरी अडतीस झाले असते, मला शंभरपैकी शंभर होते. तो मुसलमान म्हणून? नाही म्हणायला जीभ धजत नाही. मी ज्या घरात, ज्या दिवसांत वाढत होतो ते बघता कुठंतरी खोल असेलही. पण त्या क्षणी मनात ते नव्हतं, असं मला वाटतं — वाटतं, एवढंच. मग काय होतं? मला दिसतो तो थांबलेला झोपाळा. मी इतकं म्हटलं, इतकं बिनचूक म्हटलं, आणि तो माझ्यासाठी कधी थांबला नाही. दस्तगीरने चार ओळी लिहिल्या आणि झोपाळा थांबला. तो पुन्हा सुरू व्हावा एवढंच मला हवं होतं का? एवढ्यासाठी?

आणि आणखी एक विचाराल. ते शब्द तोंडातून जाताना मला त्याची नादारी आठवत होती का? होती. इतका वेळ हे वाक्य टाळत आलोय. आठवत होती.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. त्या दोन आठवड्यांत मास्तरांचं घर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. मी तिकडून रोज येत-जात होतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीर घाटावर आला. मास्तर तोवर सुट्टीसाठी मुलीकडे मिरजेला गेले होते, आणि असते तरी त्यांना विचारायची त्याची छाती झाली नसती. तो रडून आला असेल, भांडेल, रसूलचाचांचं काही सांगेल, म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. तसलं काही नाही. त्याने कोळसा काढला आणि पायरीवर दोन त्रिकोण काढले, मधला बाणसुद्धा. म्हणाला, "बाकी समदं धरून बघितलं मी. ह्याचंच आठ गेल्यात. चुकलं कुठं रं ह्यात? मला दिसंना झालंय."

त्याला चूक बघायची होती हो! उद्यापासून शाळा नाही, आणि ह्याला ती चूक कशी असेल त्याचं कुतूहल. माझ्याकडे टक लावून बघत होता, कारण भूमितीत पहिला मी.

आकृती नाही म्हणालो ती चूक एका क्षणाची होती, असं एक वेळ म्हणता येईल. ह्या वेळी मी चांगला विचार केला. शोधून शोधून काढलं. म्हणालो, "अरे, तू एकाच त्रिकोणाला दोनदा उभा केलास. कोर्टात एकच माणूस दोन साक्षीदार म्हणून चालेल का?"

तो त्या रेघांकडे बघत बसला. मग त्याच्या तोंडावर हळूहळू पटल्याचं दिसायला लागलं. "व्हय की रं," तो म्हणाला. "एकच मानूस. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई." आणि तळव्याने त्याने ते दोन्ही त्रिकोण पुसून टाकले. वर मला म्हणाला की तू नीट सांगतोस, मास्तरांपेक्षा बरं. दुसऱ्या दिवशी तो रसूलचाचांबरोबर कामावर गेला. वय पंधरा. माझंही तेच.

दोन वर्षांनी मास्तर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या समारंभात त्यांनी आपण होऊन सगळं सांगून टाकलं. म्हणाले, मला दिसत नव्हतं, हा विष्णू माझे डोळे होता. टाळ्या पडल्या. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून मास्तरांच्या पाया पडलो. आणखी टाळ्या पडल्या.

पुढं मी शिकलो, सांगलीत शिक्षक झालो. कसला? भूमितीचा. आणि चांगला झालो, हेही खरं. दर वर्षी नव्या वर्गाला मी पहिल्याच आठवड्यात सांगायचो — पोरांनो, अक्षरं पुसा. समद्विभुज त्रिकोण आला की कागदाचा त्रिकोण कापून पालथा घालायचो आणि विचारायचो, बसला का आपल्याच जागी? वर्ग खुलायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं की ही शिक्षकाची स्वतःची पद्धत अनुकरणीय आहे. ती वही मी घरी आणून बायकोला दाखवली होती.

पुष्कळ वर्षांनी एकदा लोणंदला मी एका लग्नाहून परतताना गाडीची वाट बघत होतो. फलाटाच्या टोकाला नव्या भिंतीचं काम चाललं होतं. तिथून एकजण हात झटकत आला, जवळ येऊन थांबला आणि म्हणाला, "विष्णू मास्तरच न्हवं?" दाढी पिकलेली, बोटं सिमेंटने उललेली. दस्तगीर. मी म्हटलं, अरे विष्ण्या म्हण की. तो नुसता हसला. शेवटपर्यंत विष्ण्या काही म्हणाला नाही.

बरोबर त्याचा धाकटा होता, यासीन, आठवीतला. दप्तर होतं पाठीला. दस्तगीरने त्याला पुढं केलं. "ह्यांना इचार काय इचारायचं ते. भूमितीत लय हुशार. मला इचारतंय हे, आन् मला कुठलं येतंय? मला शून्य पडला हुता." हसत हसत सांगत होता. पोराने वही काढली. तोच सिद्धांत निघाला. मी सवयीने वहीचा मागचा कागद फाडला, घडी घालून त्रिकोण कापला, हातात धरला आणि पालथा घातला. इतक्या वर्षांत हात आपोआप चालतात. बसला का आपल्याच जागी? पोराचे डोळे चमकले.

दस्तगीर वाकून बघत होता. बघता बघता त्याचं हसू गेलं.

"आवं मास्तर," तो म्हणाला, "असंच मी काढलं हुतं की. त्या परीक्षेत. तुमी म्हनला हुता, एक मानूस दोन साक्षीदार हुत न्हाई. मी अजून कामावर गुण्या पालथा घालतो आन् मनात म्हनतो, कामात चालतंय हे, भूमितीत चालत न्हाई." मग म्हणाला, "मागनं कळलं, मास्तरांना पेपर तुमीच वाचून दावत हुता. म्हटलं, मग काय, आपलं मानूस हुतं तितं. तरीबी शून्य पडला म्हंजे माझंच चुकलं असनार." त्याने त्या कागदाकडे बोट केलं. "पर आता ह्ये बघितलं आन् वाटाय लागलं — माझं बरोबर हुतं काय?"

पोरगा बापाकडे बघत होता, मग माझ्याकडे बघायला लागला. गाडी यायला अवकाश होता. रूळ मोकळे होते.

मी म्हणालो, "नाही रे. दिसायला सारखं आहे, पण तुझ्यात थोडी चूक होती."

"असंल," दस्तगीर म्हणाला. त्याने पोराची वही मिटून दप्तरात घातली, मला नमस्कार केला आणि कामाकडे वळला.

दस्तगीर वारला त्याला आता पाच वर्षं झाली. पहिल्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. पंधरा वर्षांच्या पोराला लोक पोटात घालतात. लोणंदच्या फलाटावर मी शेहेचाळीस वर्षांचा होतो. माझी नोकरी कायम झालेली होती, मास्तर केव्हाच वारले होते, आणि खरं सांगितलं असतं तर माझं कुणीही काहीही वाकडं करणार नव्हतं.